पाकिटावरचे बाबा

आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात माझी आई सिगारेटचं पाकीट मागते, आणि तेही चेहरा बघून.

"हे नको," ती म्हणते. "हे पायाचं बोट आहे. आमचे हे द्या."

दुकानदार फळीवरच्या पाकिटांत हात घालून एकेक पुढे करतो. सडलेलं बोट. काळं फुप्फुस. दात नसलेलं तोंड. पडद्याचं कापड निवडताना बायका जशी मान हलवतात तशी आई प्रत्येकाला हलवते. शेवटी बाबा येतात. कोट घातलेले, केस मागे वळवलेले, नाकात प्राणवायूची नळी, आणि चेहऱ्यावर कुणाचं तरी लग्न जुळवून आल्यासारखं समाधान. खाली जाड अक्षरांत छापलेलं: धूम्रपानाने माझी फुप्फुसे निकामी झाली.

आई पाकीट रुमालानं पुसते, आतल्या सिगारेटी तिथेच मोडून दुकानदाराच्या कचऱ्याच्या डब्यात टाकते आणि रिकामे बाबा पिशवीत घालून घरी येते. सुरुवातीला दुकानदाराच्या जिवाला ते लागायचं. "काकू, निदान माझ्या डोळ्यांदेखत तरी नका मोडू," असं तो म्हणायचा. आता सवय झाली आहे. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी मात्र मला जिन्यात गाठून हळूच विचारलं होतं, "आईंनी या वयात सुरू केलं का गं? एकटेपणानं होतं असं."

घरात डब्यांच्या मागे बाबा आहेत, आरशाच्या कडेला बाबा आहेत. फ्रिज उघडला तर अंड्यांच्या वरच्या खणातूनही बाबा समाधानानं बघतात. "तिथे कशाला?" मी विचारलं तर आई म्हणाली, "उन्हाळा आहे."

हे सगळं माझ्या नोकरीतून उपटलं.

मी आरोग्य खात्याच्या तंबाखू नियंत्रण कक्षात अधिकारी आहे. आमचा देश तंबाखू पिकवतो, वाळवतो, जगाला विकतो आणि उरलेली स्वतः ओढतो. त्यामुळे सरकारच्या एका हाताला तंबाखू वाढवायची असते आणि दुसऱ्याला थांबवायची, आणि जागेच्या टंचाईमुळे हे दोन्ही हात एकाच इमारतीत बसतात. इमारत तंबाखू मंडळाची. आम्हाला त्यांनी पानांच्या नमुन्यांच्या कोठाराशेजारची खोली दिली. आमच्या खुर्च्यांच्या पाठीवर मंडळाचं सोनेरी पान कोरलेलं आहे. आमच्या फायलींना, पडद्यांना, माझ्या डब्यातल्या पोळीलाही भट्टीत वाळवलेल्या पानाचा वास येतो. बियाण्याच्या परवान्यासाठी आलेली माणसं चुकून आमच्याकडे शिरतात. मी त्यांना वरच्या मजल्याचा रस्ता दाखवते आणि हातात तंबाखूच्या दुष्परिणामांचं पत्रक देते. ते आभार मानतात आणि पत्रकात पानाचा नमुना गुंडाळून वर जातात.

पाकिटावर चित्र छापायचा कायदा झाला तेव्हा पहिली चित्रं आम्ही परदेशातून मागवली. मग बसथांब्यावर, गॅरेजांत, चहाच्या टपऱ्यांवर जाऊन लोकांना विचारलं, भीती वाटते का? एका ड्रायव्हरनं चित्र नीट न्याहाळलं आणि मला धीर दिला. "ताई, ही परदेशी फुप्फुसं आहेत. नाजूक असतात. आपली टिकतात."

संचालकांनी ठरवलं, आपला माणूस हवा. आम्ही इस्पितळांत फिरलो. आपला माणूस पुष्कळ होता, पण फोटोला कुणी तयार होईना. एकाच्या मुलीचं लग्न व्हायचं होतं. एकानं घरी सांगितलंच नव्हतं की तो ओढतो, आणि आता मरतानाही सांगायची त्याची तयारी नव्हती.

घरी जेवताना मी हे वैतागून सांगत होते. पलीकडे पलंगावर बाबा सिलिंडरला जोडलेले. नळी जराशी बाजूला करून ते म्हणाले, "मी बसतो."

"कुठे?" आईनं विचारलं.

"पाकिटावर."

बाबा जन्मभर तंबाखूच्या लिलावात प्रतवारी करायचे. गठ्ठा फोडायचा, मधून एक पान उपसायचं, उजेडाकडे धरायचं, अंगठ्यानं चोळायचं, हुंगायचं आणि एका शब्दात सांगायचं: अव्वल, मध्यम, बाद. त्या शब्दावर भाव ठरायचा. कामाच्या वेळात ते सिगारेटला शिवत नसत, कारण नाक बिघडतं. संध्याकाळी घरी आल्यावर नाकाचं काम संपलेलं असायचं, मग दिवसभराचा हिशेब ते एकावर एक ओढून पुरा करत. प्रतवारीची सवय मात्र घरीही सुटत नसे. चहा मध्यम. शेजाऱ्यांचा कुत्रा अव्वल. मला बघायला आलेला पहिला मुलगा दारातून आत येऊन चप्पल काढत होता तेवढ्यात त्यांनी आईच्या कानात 'बाद' म्हटलेलं त्या मुलालाही ऐकू गेलं होतं.

त्या कामात एक रीत होती. आपल्या नात्यातल्या माणसाचा गठ्ठा समोर आला की प्रतवारी करणाऱ्यानं दोन्ही हात पाठीमागे बांधायचे. बोलायचं काही नाही, कारण सांगायचं नाही. हात मागे गेले की समजायचं, आणि शेजारच्या गठ्ठ्यावरचा दुसरा माणूस येऊन प्रत सांगायचा. बाबांच्या शेजारी फुंकरकाका असत. पान हातात घेतलं की आधी फुंकर मारायचे, म्हणून हे नाव. माझ्या सख्ख्या काकाचा गठ्ठा आला तेव्हा बाबांनी हात मागे बांधले आणि फुंकरकाकांनी फुंकर मारून सांगितलं, "बाद." काका पुढची कितीतरी वर्षं बाबांशी बोलला नाही. बाबा म्हणायचे, "बादच होतं पान. पण मी अव्वल म्हटलं असतं, म्हणून तर हात मागे."

तर बाबा पाकिटावर बसायला तयार झाले, आणि तिथून घोटाळ्याला सुरुवात झाली. कारण बाबांच्या मते फोटो म्हणजे फोटो. त्यांनी कपाटातून कोट काढायला लावला. केसांना रंग लावून घेतला. आईनं सकाळीच दाढी गुळगुळीत केली आणि गालावर कुठली तरी क्रीम थापली.

"बाबा, तुम्ही आजारी दिसायला हवं आहे," मी म्हटलं.

"आजारी आहेच की मी. दिसायचं कशाला अजून?"

खात्यानं फोटोग्राफर दिला तो लग्नाचे फोटो काढणारा; त्याचंच टेंडर मंजूर झालं होतं. त्यानं घरी दिवे लावले, मागे निळा पडदा सोडला आणि बाबांची हनुवटी दोन बोटांनी वर केली.

"काका, जरा गोड विचार मनात आणा."

"अहो, इशारा आहे हा," मी मागून म्हणाले.

"ताई, मी आजवर एकाचाही वाईट फोटो काढलेला नाही. माझं नाव खराब होईल."

बाबांनी गोड विचार आणला. काय आणला ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. फोटोग्राफरनं नंतर दुकानात बसून डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसली, गालांना थोडी लाली दिली आणि नळीवरची चमकही कमी केली, ती 'डोळ्यांत खुपत होती' म्हणून. छपाईची तारीख गळ्याशी आली होती, दुसरा माणूस नव्हता. संचालकांनी फोटोतल्या नळीवर बोट ठेवून एवढंच विचारलं, "हे टेलिफोन खात्यात होते का?" आणि सही केली.

पाकिटं बाजारात येण्याआधी बाबा गेले. त्याबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही. सिलिंडरचा आवाज बंद झाल्यावर घर किती शांत आहे हे आम्हाला पहिल्यांदाच कळलं, एवढंच.

आणि मग ते सगळीकडे दिसायला लागले. रस्त्यावरून चालताना गटाराच्या कडेला बाबा. बसमध्ये पुढच्या सीटवरच्या माणसाच्या शर्टाच्या खिशातून बाबा, अर्धे. बँकेत रांगेत उभी असताना पुढच्या माणसानं मागच्या खिशात बाबा कोंबले आणि खुर्चीवर बसला, तेव्हा मी "अहो!" म्हणून ओरडले आणि मग काय सांगावं ते सुचेना.

आईला मी सांगणारच होते, पण तिनं आधीच दुकानात पाहिलं होतं. त्या दिवसापासून ती आणायला लागली.

लोकांनाही बाबा आवडले. इतर पाकिटांवर बोटं आणि फुप्फुसं होती. ह्यांच्यावर एक भला माणूस होता. टपरीवर लोक 'काकांचं द्या' म्हणून मागू लागले. कुणी म्हणे, हे पाकीट खिशात असलं की काम होतं. एका टॅक्सीवाल्यानं बाबांना कापून गाडीत समोर चिकटवलं होतं. मी त्याला विचारलं, "हे कोण?" तो म्हणाला, "माहीत नाही. पण नाकात वायर बघा ना, मोठे साहेब असणार."

वर्षाखेरीच्या पाहणीत आकडे आले. बाकी सगळ्या चित्रांच्या पाकिटांचा खप थोडा का होईना उतरला होता. बाबांचा चढला होता.

संचालकांनी मला बोलावून दार लावून घेतलं. ते सज्जन आहेत. वाईट बातमी देताना टेबलावरच्या वस्तू सरळ करत बसतात. "मॅडम, पुढच्या वर्षी कुठली चित्रं ठेवायची, कुठली काढायची, यावर बैठक आहे. मंडळाचे लोकही येतील. शिफारस तुमची लागेल. कक्षाच्या अधिकारी तुम्ही." त्यांनी पेपरवेट सरळ केला. तो गोल होता. "मला कल्पना आहे."

कल्पना त्यांना अर्धीच होती. माझ्या शिफारशीवर बाबा राहणार किंवा जाणार होते. ठेवा म्हटलं तर लोक बाबांच्या नावानं आणखी ओढणार. काढा म्हटलं तर दुकानातला साठा संपला की संपलं. कुठल्याच खिशातून, कुठल्याच फळीवरून ते पुन्हा दिसणार नव्हते. मला त्यांना बसमध्ये अर्धं बघायची सवय झाली होती.

घरी आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती, हात थांबले नाहीत.

"काढणार म्हणजे?"

"छापणार नाहीत आता."

"का? चांगले दिसतात की."

"म्हणूनच, आई."

तिनं निवडलेली भाजी पाण्यात टाकली. मग म्हणाली, "एकदा गेले तेवढं पुरे नाही का तुमच्या खात्याला?"

बैठक मंडळाच्या मोठ्या दालनात होती. भिंतीवर तंबाखूच्या शेताचा भला थोरला फोटो, टेबलावर मंडळानं दिलेले पाण्याचे पेले, त्यांवर सोनेरी पान. मंडळाचे अध्यक्ष ऐसपैस बसले होते. त्यांच्या शेजारी सल्लागार म्हणून फुंकरकाका. लिलावातून निवृत्त झाल्यावर मंडळानं त्यांना ठेवून घेतलं होतं. बाबांच्या अंत्यविधीनंतर मी त्यांना आत्ताच बघत होते. त्यांनी मला मान डोलावून ओळख दिली आणि लगेच नजर टेबलाकडे वळवली. आज ते पलीकडच्या बाजूला होते.

अध्यक्षांनीच सुरुवात केली. "बोट काढा, फुप्फुस काढा, आमची हरकत नाही. उलट काढाच, बायकामुलं बघतात. पण हे चित्र," त्यांनी बाबांचं पाकीट टेबलाच्या मधोमध ठेवलं, "हे राहिलं पाहिजे. जनतेनं मनापासून स्वीकारलेला हा एकमेव इशारा आहे. माणूसही आमच्याच क्षेत्रातला. आमच्या शेतकऱ्यांच्या भावना त्याच्याशी जोडलेल्या आहेत. मी तर म्हणतो, सगळ्याच पाकिटांवर हेच छापा."

सगळ्याच पाकिटांवर! माझ्या मनात एक क्षण देशभरच्या फळ्या बाबांनी भरून गेल्या.

"मॅडम, कक्षाचं मत?" संचालकांनी विचारलं.

मी उभी राहिले. रात्री लिहून काढलेलं सगळं डोक्यात होतं, दोन्ही बाजूंचं. तोंड उघडलं आणि लक्षात आलं, माझे दोन्ही हात पाठीमागे गेले आहेत. एका हातानं दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं होतं. मी ठरवलं नव्हतं. पण ते गेले होते आणि पुढे येईनात.

"मॅडम?"

मी मनगट सोडलं नाही.

"पाठ दुखते का? बसून बोला, चालेल," संचालक म्हणाले.

"त्यांना मान्य आहे असं समजू या," अध्यक्ष म्हणाले. "लिहून घ्या."

"थांबा," फुंकरकाका म्हणाले.

ते माझ्या हातांकडे बघत होते. मग खुर्ची मागे सारून उठले आणि टेबलाला वळसा घालून आले. वय झाल्यामुळे वळसा बराच चालला. सगळे माना फिरवून बघत राहिले. त्यांनी मधलं पाकीट उचललं, खिडकीशी नेलं, उजेडाकडे धरलं. हलकी फुंकर मारली. बाबांच्या चेहऱ्यावरून अंगठा फिरवला. हुंगलंसुद्धा.

"अहो, हे काय चाललंय?" अध्यक्ष म्हणाले.

"प्रत बघतोय."

"कसली प्रत? चित्र आहे ते!"

"इशारा म्हणून आणलाय ना माल? मग इशारा म्हणूनच बघायचा." त्यांनी पाकीट पुन्हा एकदा उजेडात धरलं, या वेळी जरा जास्त वेळ. मग वळले. "बाद."

अध्यक्षांनी आवाज खाली आणला, पण खोली मोठी होती, सगळ्यांना ऐकू गेलं. "काका, तुम्ही आमच्या बाजूनं आहात."

"तिनं हात मागे घेतलेत, साहेब," फुंकरकाका म्हणाले. "मग दुसऱ्यानं सांगायचं असतं. बाजू नसते त्यात." पाकीट टेबलावर ठेवताना त्यांनी ते उलटं पडू दिलं नाही, बाबांचा चेहरा वर राहील असं ठेवलं. "माणूस अव्वल होता. त्याच्याकडे बघून कोण घाबरेल?"

संचालकांनी घाईघाईनं लिहून घेतलं. माझे हात हळूहळू पुढे आले. मनगटावर माझ्याच बोटांचे वळ होते.

बाहेर जिन्यात फुंकरकाका कठडा धरून उभे होते. मी जवळ गेले तर म्हणाले, "पोरी, रागावलीस?"

"नाही."

"तुझा काका रागावला होता." मग पायरी उतरता उतरता, "वहिनींना माझं नाव सांगू नकोस."

मी सांगितलं. आईपासून कुणाचंच नाव लपवता येत नाही. ती ओरडेल असं वाटलं होतं, पण तिनं फक्त विचारलं, "हुंगलं का त्यांनी?"

"हो."

"मग नीटच बघितलं असेल." आणि उठून तिनं चप्पल घातली. "चल. त्या लग्नवाल्याकडे जायचंय."

फोटोग्राफर दुकानात संगणकावर एका नवरीच्या कपाळावरची पुटकुळी पुसत होता. आईला पाहून उभा राहिला.

"तू त्या दिवशी पहिला एक काढला होतास," आई म्हणाली. "ह्यांचं बटण लागत नव्हतं तेव्हा. दिवा चमकलेला मी पाहिला."

"काकू, तो उजेड बघायला काढलेला. खराब आहे."

"दाखव."

त्यानं नाखुशीनं शोधला. फोटोत बाबा तयार व्हायच्या आधीचे होते. कोटाचं एक बटण लावता लावता दम लागलेला, तोंड उघडं, मानेच्या शिरा ताणलेल्या, डोळे कुठेच न बघणारे. हनुवटी खाली. आणि चौकटीच्या कडेनं आत आलेला एक बाईचा हात, ते बटण लावून देणारा. हातावर पिठाचा पांढरा डाग होता.

मी पडद्यावरून नजर काढली. आई काढेना.

"असेच दिसायचे," ती म्हणाली. "सकाळी उठल्यावर. तुला दिसू नये म्हणून तू यायच्या आत तोंड धुऊन, केस विंचरून बसायचे." मग फोटोग्राफरला, "हा दे."

"काकू, हा देऊ? निदान मानेला थोडं..."

"हात लावलास तर बघ."

"बरं, मग कडेचा तो हात तरी कापतो. मध्येच आलाय."

आईनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं माउसवरचा हात काढून घेतला.

संचालकांनी त्या फोटोवर सही केली आणि नवी पाकिटं आली. अध्यक्षांनी शेतकऱ्यांच्या भावना दुखावल्याचं पत्र पाठवलं. फुंकरकाकांच्या सल्लागारपदाची मुदत संपली ती वाढवली गेली नाही. ते म्हणाले, बरं झालं, जिने फार होते. टॅक्सीवाल्यानं जुने बाबा ठेवले, नवे लावले नाहीत. दुकानात आता 'काकांचं द्या' कुणी म्हणत नाही. म्हणतात, "दुसरं बघा हो काहीतरी. बोट आहे का?"

आकडे पुढच्या पाहणीत येतील. मी वाट बघते आहे, आणि बघत नाहीही.

परवा आईबरोबर दुकानात गेले. फळीवर एक अख्खी रांग पालथी होती, सगळी पाठमोरी.

"हे काय?" आईनं विचारलं.

"काकू, गिऱ्हाइकं तक्रार करतात," दुकानदार ओशाळून म्हणाला. "म्हणतात, उलटं ठेव, बघवत नाही. काय करू?"

आईनं पिशवी माझ्या हातात दिली, गल्ल्याला वळसा घालून आत गेली आणि एकेक पाकीट सुलटं करायला लागली. एकही विकत घेतलं नाही. दुकानदार माझ्याकडे बघत होता. मी हात मागे घेतले.

"बघू दे की लोकांना," ती म्हणाली आणि शेवटच्या पाकिटावरची धूळ रुमालानं पुसली. "आणि हे बघ, उद्या येईन मी. तेव्हा असेच सरळ दिसले पाहिजेत मला."